परवानगीचं वर्ष

सिंगापूरला नव्याने आलेल्या मराठी माणसाला सिटी हॉल स्टेशनाबाहेरचं सेंट अँड्र्यूज कॅथेड्रल दिसतं ते बहुधा मॉलकडे जाण्याच्या वाटेवर. पांढरी शुभ्र इमारत, उंच मनोरा, भोवती हिरवळ. फोटो काढून माणूस पुढे जातो. ज्यांना थोडी जास्त माहिती असते ते बिशप लेनर्ड विल्सन यांची गोष्ट सांगतात: दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी त्यांचा छळ केला, त्यांनी छळणाऱ्यांना क्षमा केली आणि त्यांतल्याच एकाला पुढे याच चर्चमध्ये दृढीकरणाचा संस्कार दिला. गोष्ट खरी आहे आणि मोठीही आहे. पण ती एका माणसाची आहे, शिवाय तिचा गाभा कोठडीत घडतो, चर्चमध्ये नाही. साडेतीन वर्षांच्या जपानी अमलात ही संस्था नेमकं काय करत होती, हा प्रश्न या गोष्टीच्या तेजात झाकला जातो. मला त्यातलं १९४२ च्या फेब्रुवारीपासून १९४३ च्या मार्चपर्यंतचं वर्ष जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या वर्षात कोणी हुतात्मा झालं नाही. चर्च जपानी लष्कराच्या परवानगीने चालू होतं, आणि तिथल्या इंग्रज धर्मगुरूंच्या खिशात शत्रूने दिलेले परवाने होते. परक्या सत्तेखाली परवानगी घेऊन काम करणाऱ्यांबद्दल आपण फार झटकन निकाल देतो. या वर्षाकडे नीट पाहिलं तर तो निकाल देण्याची पद्धतच बदलावी लागेल, असं मला वाटतं.

आधी थोडं इमारतीबद्दल, कारण पहिला आक्षेप तिथूनच येतो. हे चर्च मुळात राज्यकर्त्यांचं. १८५६ साली कलकत्त्याच्या बिशपने पायाचा दगड बसवला, १८६२ साली त्याच गादीवरच्या पुढच्या बिशपने ते देवाला वाहिलं. आराखडा कर्नल रोनाल्ड मॅकफर्सन यांचा, जे कैद्यांचेही अधीक्षक होते. आणि बांधलं ते हिंदुस्थानातून काळ्या पाण्यावर पाठवलेल्या कैद्यांनी. बंगाल, मद्रास आणि मुंबई इलाख्यांतले असे कैदी तेव्हा सिंगापूरचे रस्ते, पूल, सरकारी इमारती उभारत होते. भिंतींची चकाकी ‘मद्रासी चुन्या’ची: शिंपल्यांचा चुना, अंड्याचा पांढरा बलक, जाडी साखर, नारळाच्या सोडणांचं पाणी, आणि वाळल्यावर घोटघोटून आणलेली झिलई. काम चालू असतानाच १८५७ साल उजाडलं. इथल्या युरोपियनांना याच कैद्यांची धास्ती वाटू लागली आणि हिंदुस्थानातून आणखी कैदी पाठवू नका म्हणून त्यांनी अर्ज केले. चर्चच्या भिंतींवर साहेबांच्या नावांच्या पाट्या पुष्कळ आहेत, त्या भिंती घोटणाऱ्यांचं नाव नाही. तेव्हा वसाहतीच्या या वास्तूने दुसऱ्या एका साम्राज्याखाली काय सोसलं याचं आपल्याला काय, असं कोणी विचारलं तर प्रश्न गैर नाही. माझं उत्तर एवढंच की इमारत कोणी कशासाठी बांधली, यावरून ती पुढे कोणाच्या कामी आली हे ठरत नाही.

१९४२ च्या सुरुवातीला बाँबवर्षाव वाढला तसे बाक हलवून चर्चचं तातडीचं इस्पितळ करण्यात आलं. कॅथलिकांच्या गुड शेफर्ड कॅथेड्रलचीही तीच गत झाली. १५ फेब्रुवारीला, रविवारी आणि चिनी नववर्षाच्या पहिल्या दिवशी, बुकित तिमाहच्या फोर्ड कारखान्यात जनरल पर्सिव्हल यांनी शरणागती लिहून दिली. शहराचं नाव श्योनान झालं, घड्याळं टोकियोच्या वेळेवर गेली. युरोपियन नागरिकांना पाडांगच्या मैदानावर, म्हणजे या चर्चच्या अगदी समोर, गोळा करून पुढे चांगीच्या तुरुंगात नेलं. बिशप विल्सन मात्र बाहेर राहिले, त्यांच्याबरोबर धर्मगुरू जॉन हेटर आणि सेंट अँड्र्यूज शाळेचे मुख्याध्यापक सोर्बी अ‍ॅडम्सही. कारण होते लेफ्टनंट अँड्र्यू ओगावा. जपानी लष्करी प्रशासनात शिक्षण आणि धर्म या खात्याचा भार त्यांच्याकडे होता आणि ते स्वतः अँग्लिकन होते. त्यांनी चर्च उघडं ठेवू दिलं. इथे हे विसरू नये की खुद्द जपानात त्याच सुमाराला अँग्लिकन चर्चवर सरकारचा दबाव होता, पुढे तिथले काही बिशप तुरुंगातही गेले. मायदेशी ज्या पंथावर संशय होता त्याच पंथाचा हा अधिकारी जिंकलेल्या शहरात त्याला आसरा देत होता. ओगावांची ही कोंडी कोणी सविस्तर लिहायला हवी. क्षमेच्या गोष्टीत त्यांना जेमतेम एक वाक्य मिळतं.

आता खरा अडचणीचा मुद्दा. परवानगी मिळत होती त्याच दिवसांत शहरात सूक चिंग चालू होतं. १८ फेब्रुवारीपासून काही आठवडे चिनी पुरुषांना चौकाचौकांत रांगेत उभं करून निवडलं जात होतं आणि निवडलेल्यांना किनाऱ्यांवर नेऊन मारलं जात होतं. जपानी बाजूचा आकडा पाच हजारांच्या आसपास, चिनी समाजाचा त्याच्या कितीतरी पट. अशा वेळी खुनी सत्तेच्या सहीशिक्क्याने प्रार्थना चालवणं म्हणजे त्या सत्तेला सभ्यतेचा दाखला देणंच की, असं कोणी म्हणेल. उघडं चर्च दाखवून आम्ही धर्माच्या आड येत नाही असं सांगणं लष्कराला सोयीचंच होतं, यात शंका नाही. परवान्याबरोबर अळीमिळी गुपचिळीही आलीच. व्यासपीठावरून जाहीर निषेध केला असता तर चर्च दुसऱ्या दिवशी बंद झालं असतं. हा आक्षेप मी पुसू शकत नाही. पण चर्चला कुलूप लागलं असतं तर त्या रांगांतला एकही माणूस वाचला नसता, आणि ज्यांच्या घरचा माणूस परतला नाही त्यांना एकत्र जमायची उरलेली एक जागाही गेली असती. त्या वर्षी निरनिराळ्या प्रोटेस्टंट पंथांनी मिळून ख्रिस्ती चर्चांचा एक महासंघ उभा केला. शांततेच्या काळात एकमेकांना हातभर अंतरावर ठेवणारे पंथ तिथे एका टेबलाशी बसले. चांगीच्या तुरुंगातही वेगवेगळ्या पंथांचे पाद्री शेजारी शेजारी कैदेत होते. १९४८ साली या पंथांनी मिळून जे ट्रिनिटी थिऑलॉजिकल कॉलेज काढलं त्याची मुळं याच जवळिकीत आहेत.

मराठी वाचकाला, किंबहुना कुठल्याही भारतीयाला, इथे आणखी एक गाठ सोडवावी लागते. जपानी हे आपल्या इतिहासात निव्वळ शत्रू म्हणून येत नाहीत. पाडांगवरच ५ जुलै १९४३ रोजी सुभाषचंद्रांनी आझाद हिंद सेनेची सलामी घेतली. २१ ऑक्टोबरला कॅथे इमारतीतल्या सभागृहात आझाद हिंद सरकारची घोषणा झाली, दुसऱ्या दिवशी वॉटरलू स्ट्रीटवर राणी झाशी रेजिमेंटची छावणी सुरू झाली, नाव आपल्या तांब्यांच्या लेकीचं, मनकर्णिकेचं. आणि मार्चमध्ये चांगीत गेलेल्या बिशप विल्सन यांना तिथून उचललं ते १७ ऑक्टोबरला. सप्टेंबरअखेर दोस्तांच्या कमांडोंनी बंदरातली जहाजं उडवली होती, संशय चांगीतल्या बंदिवानांवर आला आणि १० ऑक्टोबरपासून केंपेताईने, म्हणजे जपानी लष्करी पोलिसांनी, धरपकड सुरू केली. सत्तावन्न जण नेले, पंधरा मेले. कोठड्या होत्या ऑर्चर्ड रोडच्या तोंडाशी असलेल्या वायएमसीएच्या इमारतीत; कॅथेपासून चालत पाच मिनिटंही लागू नयेत. म्हणजे एका सभागृहात स्वातंत्र्याची शपथ घेतली जात असताना काही मिनिटांच्या अंतरावर बिशप कोठडीत होते. सेंट अँड्र्यूज शाळेत शिकवलेल्या एलिझाबेथ चॉय यांनाही पुढच्याच महिन्यात याच इमारतीत आणलं आणि सुमारे दोनशे दिवस डांबलं. चांगीतल्या कैद्यांपर्यंत औषधं, पैसे, निरोप पोचवायला त्यांनी आणि त्यांच्या नवऱ्याने मदत केली होती.

जपानी परवानगीने चाललेल्या चर्चला आपण फितूर ठरवणार असू, तर कॅथेमधल्या सभेचं काय करायचं? आणि ती सभा आपल्याला अभिमानास्पद वाटत असेल, तर ओगावांनी सही केलेल्या परवान्याकडे नाक मुरडण्याचा हक्क उरतो का? यावर कोणी म्हणेल की स्वातंत्र्यासाठी घेतलेली मदत आणि उपासनेसाठी घेतलेली परवानगी यांची तुलना होत नाही, हेतूच वेगळे. मान्य, पण मग निकाल हेतूवर द्यायचा हे आपण कबूल केलं, आणि तरीही काम भागत नाही. कॅथलिक बिशप अद्रियाँ द्वाल्स यांचा हेतू कोणाहून कमी चांगला नव्हता. सिंगापुरात अन्नाची टंचाई झाली तेव्हा जपानी प्रशासनाच्या योजनेनुसार त्यांनी आपल्या चर्चमधल्या युरेशियन आणि चिनी कुटुंबांना मलायातल्या बाहाऊच्या रानात शेती करायला नेलं. जमीन नापीक, हिवताप भयंकर. शेकडो माणसं तिथे दगावली, आणि जानेवारी १९४५ मध्ये खुद्द द्वाल्सही. तेव्हा हेतूही पुरत नाही आणि परिणामही पुरत नाही. मी ज्या कसोटीपाशी येतो ती ही: पडतं घेणाऱ्याने त्या तडजोडीची किंमत स्वतः मोजली, की दुसऱ्याच्या खात्यावर टाकली? द्वाल्स लोकांना पाठवून शहरात राहिले नाहीत. विल्सन यांना वर्षभर मिळालेली मोकळीक मार्च १९४३ मध्ये संपली आणि ऑक्टोबरात तिचा हिशेब हेरगिरीच्या आरोपासकट वसूल झाला. सूक चिंगच्या काळातली चुप्पी मात्र या कसोटीवरही अवघड जाते, कारण तिची किंमत गप्प राहणाऱ्यांनी मोजली नव्हती.

परवानगीच्या या वर्षाचं सगळ्यांत टिकाऊ फळ मात्र भलत्याच जागी लागलं. आपल्याला कधीही आत टाकतील हे ओळखून विल्सन यांनी कारभार स्थानिकांकडे द्यायची तयारी केली. मार्च १९४३ मध्ये ते चांगीत गेले तेव्हा जबाबदारी आली ती डॉ. डी. डी. चेल्लय्या, रेव्हरंड जॉन ली आणि रेव्हरंड यिप चो सांग यांच्यावर: एक तमिळ, दोन चिनी. चेल्लय्यांनी युद्धाआधी लंडन विद्यापीठात डॉक्टरेटसाठी लिहिलेला प्रबंध स्ट्रेट्स सेटलमेंट्समधल्या शिक्षण धोरणाच्या इतिहासावर होता. म्हणजे साहेब इथे काय शिकवतो आणि का शिकवतो याचा अभ्यास केलेला माणूस आता साहेबाचं चर्च सांभाळत होता. शांततेच्या काळात हा बदल किती पिढ्यांनी झाला असता कोण जाणे. शरणागतीनंतर लगेच सगळे पाद्री चांगीत गेले असते तर तो झालाच नसता, नुसती पोकळी उरली असती. मधलं वर्ष मिळालं म्हणून किल्ल्या हातोहात देता आल्या.

यावर इतिहास जाणणारा वाचक हसेल. कारण सप्टेंबर १९४५ मध्ये इंग्रज परतले आणि त्यांच्याबरोबर जुनी घडीही परतली. पाडांगच्या कडेला आझाद हिंद सेनेने बांधलेलं स्मारक माउंटबॅटन यांच्या सैन्याने पाडून टाकलं, आणि चर्चमध्ये पुन्हा गोऱ्या बिशपांची परंपरा सुरू झाली. पहिले आशियाई बिशप, चिउ बान इट, गादीवर आले ते १९६६ साली, सिंगापूर देश म्हणून वेगळं झाल्यानंतर. ज्यांनी सर्वांत कठीण काळात कारभार चालवून दाखवला त्यांना शांतता येताच पुन्हा दुय्यम जागी बसवलं गेलं, आणि ही दिरंगाई जपान्यांच्या खात्यावर मांडता येत नाही. विल्सन यांनी छळणाऱ्याला क्षमा केल्याची गोष्ट चर्च आजही आवडीने सांगतं. चेल्लय्या, ली आणि यिप यांच्या अडीच वर्षांचा वृत्तान्त तितक्याच आवडीने सांगायचा, तर त्यामागून येणारी एकवीस वर्षंही सांगावी लागतील.