हरित परिसर कोणाच्या खराट्यावर?



गेल्या फेब्रुवारीत, मी जिथे शिकलो त्या विद्यापीठात एका चर्चासत्राला गेलो होतो. विषय होता 'शाश्वत परिसर'. पर्यावरणाचे प्राध्यापक स्लाइड दाखवत असतानाच खिडकीतून धूर आत आला आणि पुढच्या रांगेतले पाहुणे खोकू लागले. सर तावातावाने बाहेर गेले. मीही मागोमाग गेलो. इमारतीच्या मागे साठीच्या आसपासच्या एक मावशी पालापाचोळ्याचा ढीग पेटवून खराटा धरून उभ्या होत्या. "तुला अक्कल आहे का? कितीदा सांगायचं जाळू नका म्हणून?" सर ओरडले आणि आत जाऊन त्यांनी पुढची स्लाइड लावली. ती कंपोस्ट खताची होती.

मी आत गेलो नाही. मावशींना जय भीम केला.

"लेकरा, मला का हौस हाय धूर खायची?" त्या म्हणाल्या. "खड्डा खंदून द्या म्हनून दोनदा सांगितलं. पाला न्यायला ट्रॅक्टर येत न्हाई. अन् सांजच्याला ढीग दिसला की मुकादम हजेरी मांडत न्हाई."

म्हणजे जाळले तर अक्कल नाही आणि नाही जाळले तर हजेरी नाही! राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यावर बंदी घातली, साध्या जाळण्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला २५,००० रुपये दंड ठरवला. त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांनी बागेतला कचरा आपल्याच आवारात वेगळा साठवण्याची जबाबदारी तो निर्माण करणाऱ्यावर टाकली. कडुनिंब, गुलमोहर, वड ही झाडे विद्यापीठाची, म्हणजे पालाही विद्यापीठाचा. पण त्या महिन्यात दोन दिवसांचा पगार कापला गेला तो मावशींचा.

खताची कृती मी त्यांना विचारली, जरा परीक्षा घेतल्यासारखीच. (आपल्यातही हा शहाणपणा येतोच.) त्यांनी सरांच्या स्लाइडपेक्षा नीट सांगितली. पाल्याचा थर, वर शेणकाला, वर मातीचा पातळ हात, पुन्हा पाला. ओल एवढीच की मूठ दाबली तर पाणी गळू नये. महिन्याभराने खालवर करायचे, आणि उन्हाळ्यात झाकून ठेवायचे. उरलेला पाला झाडाच्या आळ्यात पसरला तर चार दिवसांआड द्यायचे पाणी आठ दिवसांआड चालते. हे सगळे त्या दुसऱ्यांच्या रानात राबून शिकल्या, कारण स्वतःचे रान नव्हतेच. विद्यापीठाने मात्र त्यांना खराटा आणि घमेले एवढेच दिले.

आता प्रशासकीय इमारतीसमोरच्या हिरवळीचे बघा. एक एकर हिरवळीला अर्धा सेंटिमीटर पाणी द्यायचे तर सुमारे २०,००० लिटर लागते, म्हणजे दहा हजारी टँकर दोन. एका वेळेचे. आणि हे कुठे? ज्या मराठवाड्यात २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे. त्या हिरवळीवर विद्यार्थ्यांना बसायला मनाई आहे. ती नॅकच्या समितीसाठी आहे. 'हरित परिसर' हा नॅकच्या मूल्यांकनातला मुद्दा आहे, त्याचे गुण मिळतात. खराटा धरणाऱ्या हाताचे कुठल्या रकान्यात मिळतात, हे मी शोधले. सापडले नाही.

बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'जातिप्रथेचे विध्वंसन' मध्ये श्रमाची विभागणी आणि श्रमिकांची विभागणी यातला फरक दाखवला. विद्यापीठाच्या आवारात तो फरक रोज सकाळी सहा वाजता दिसतो. झाडलोटीच्या टोळीत कोणत्या वस्त्यांमधल्या बाया आहेत ते बघा, आणि 'ग्रीन कॅम्पस समिती'च्या फलकावरची आडनावे वाचा. माझे म्हणणे असे नाही की खताचे खड्डेही आता आमच्याच बायांनी भरावेत आणि त्यालाच पर्यावरण म्हणावे. पाला रुजवण्याचे, पाणी वाचवण्याचे काम कसबाचे आहे. त्याला कायम नोकरी, हातमोजे, माळ्याचे पद आणि समितीत खुर्ची पाहिजे. झाडलोट काय वर्षातून एकदा करायची असते? १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने कंत्राटी पद्धत बंद करण्याचा विचार करताना काम बारमाही आहे का हे पाहायला सांगितले होते. पानगळ बारमाही नसेल, पण आवार तर बारा महिने झाडावे लागते.

आणि मी? विद्यार्थी असताना शिष्यवृत्तीसाठी आम्ही चार दिवस धरणे धरले. वसतिगृहाच्या जेवणासाठी कुलगुरूंच्या दालनात घुसलो. १४ एप्रिलची मिरवणूक रात्री दोनपर्यंत चालायची, आणि सकाळी पाण्याचे पाऊच, पत्रावळ्या, फटाक्यांचे कागद याच बाया गोळा करायच्या. त्यांच्या मस्टरविषयी आम्ही एकदाही विचारले नाही. आमचे जाहीरनामे काढून बघा, 'सफाई कामगार' हा शब्द प्रत्येकात आहे. पण आमच्या इमारतीमागचा सफाई कामगार एकातही नाही.

जूनमध्ये ठेका बदलला. नव्या ठेकेदाराने जुन्यांपैकी निम्म्या बाया घेतल्या. वयाचे कारण देऊन मावशींना घेतले नाही. आदल्या वर्षी ५ जूनला पाहुण्यांनी फोटोपुरती लावलेली रोपे त्यांनी अख्खा उन्हाळा आळ्यात पाला घालून, संडासाच्या नळावरून बादलीने पाणी वाहून जगवली होती. यंदाच्या ५ जूनला पाहुणे पुन्हा आले. जागा सोयीची म्हणून त्याच रांगेत खड्डे खणले. जगलेली रोपे उपटून नवी लावली.

मी माहिती अधिकारात अर्ज टाकला: परिसर निगेच्या कामावर किती माणसे, किती वर्षांपासून, भविष्य निर्वाह निधी भरतात का, आणि वर्षाला पाला किती व त्याचे काय होते. उत्तर आले की कामगारांची माहिती ठेकेदाराकडे असते आणि पाल्याची नोंद ठेवली जात नाही. सोबत 'हरित परिसर' पुस्तिकेची रंगीत प्रत जोडली होती. तिच्या सातव्या पानावर मावशी आहेत, पाठमोऱ्या, खराट्यासकट. खाली नाव नाही. पहिले अपील सोमवारी टाकतो आहे.