झोपेसाठी रुंद झालेलं विमान

परवा जुन्या विमानांचे फोटो चाळताना एका फोटोपाशी थांबलो. विमानात चक्क बिछाने! रेल्वेच्या स्लीपरसारखे एकावर एक, पांढरीशुभ्र चादर, खिडकीला पडदा. नाव डग्लस स्लीपर ट्रान्सपोर्ट. म्हणजे आपल्या डाकोटा विमानाचं मूळ रूप.

अमेरिकन एअरलाइन्सला रात्रीचा लांबचा प्रवास उतारूंना झोपून करता येईल असं विमान हवं होतं. आधीच्या डीसी-२ मध्ये बिछाने मावेनात, म्हणून डग्लसनं त्याचं पोट रुंद केलं. १७ डिसेंबर १९३५ ला ते पहिल्यांदा उडालं. पुढे महायुद्ध पेटलं आणि झोपेसाठी काढलेल्या त्याच रुंदीत जीप शिरली, जखमींची स्ट्रेचरं शिरली. तळ मजबूत केला, डाव्या कुशीला मोठं दुपाखी दार कापलं, आणि या डीसी-३ कुळातल्या विमानाचं सी-४७, म्हणजेच डाकोटा, झालं.

मला लढाऊ विमानांपेक्षा ही ओझी वाहणारी विमानं जास्त आवडतात. २७ ऑक्टोबर १९४७ च्या सकाळी शीख रेजिमेंटची पहिली तुकडी श्रीनगरला उतरली ती डाकोटातूनच. त्या काश्मीर मोहिमेत हवाईदलाच्या जोडीला खासगी कंपन्यांची, कालपर्यंत उतारू नेणारी विमानंही होती. मे १९४८ मध्ये हवाईदलाच्या मेहरसिंगांनी जनरल थिमय्यांना घेऊन लेहच्या वाळूत डाकोटा उतरवलं. आत हवेचा दाब राखण्याची सोय नाही, खाली हिमालय.

पण मला सगळ्यात जवळचं वाटतं ते नागपूर. १९४९ साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास इथून रात्री एकेक डाकोटा निघायचं आणि मध्यरात्र उलटल्यावर चारही नागपूरच्या सोनेगाव धावपट्टीवर जमायची. डाकोटाची शेपटी चाकावर टेकलेली, त्यामुळे जमिनीवर उभं असताना आतला तळ चांगलाच चढणीचा. दार मागे. म्हणजे टपालाची पोती दारातून आत घेऊन पुढे न्यायची ती चढ चढत. मुंबईहून आलेली कलकत्त्याची पोती कलकत्त्याच्या विमानात, मद्रासहून आलेली दिल्लीची दिल्लीच्या. कमी भाड्यात काही उतारूही असत. तेही डुलक्या घेत विमान बदलत. उजाडायच्या आत चारही विमानं पुन्हा हवेत. संध्याकाळी गिरगावात पेटीत पडलेलं पत्र दुसऱ्या दिवशी सकाळी कलकत्त्यात. या कामात शौर्यपदक नव्हतं, पण देश एकमेकांशी बोलत राहिला तो अशा कामांनी, असं मी मनापासून मानतो.

श्रीनगरच्या उड्डाणाची आठवण हवाईदलानं जपली आहे. दुरुस्त केलेलं एक डाकोटा, व्हीपी ९०५ या क्रमांकाचं, २०१८ साली ‘परशुराम’ नावानं पुन्हा दाखल झालं. सोनेगावला ती पोती उचलणाऱ्यांचं काय? नागपूरकरांनो, तुमच्या घरात, शेजारात टपालखात्यातलं कुणी ऐंशी-नव्वदीचं असेल, तर त्या रात्रींबद्दल विचारा आणि लिहून ठेवा.