पिकअपचे जानपद गीत

डेट्रॉइटच्या उपनगरात राहणाऱ्या माणसाला साहित्याविषयी मत नसले तरी चालते. ट्रकविषयी मात्र असावेच लागते. येथे ट्रक म्हणजे पाठीवर शेरोशायरी मिरवणारा आपल्याकडचा मालट्रक नव्हे. पुढे माणसांची केबिन आणि मागे उघडा हौदा असलेली पिकअप गाडी, तिलाच अमेरिकेत ट्रक म्हणतात. कचेरीतल्या जेवणाच्या सुट्टीत, शेजाऱ्याच्या अंगणात, मुलांच्या खेळाच्या मैदानाच्या कडेला माणसे यंदाच्या गाडीची जाळी, दिवे, आसने आणि खड्ड्यातून जातानाची तिची चाल यांवर ज्या आस्थेने बोलतात, ती आस्था मी वाङ्मयीन चर्चासत्रांतही क्वचितच अनुभवली आहे. बावीस वर्षे हे बोलणे ऐकता ऐकता मलाही काही मते झाली. ती मोटारतज्ज्ञाची नाहीत, वाचकाची आहेत. आणि वाचकाला एखादा प्रकार आपले रूप केव्हा व का बदलतो याचे कुतूहल असतेच.

या प्रकाराचा आरंभ अगदी निरलंकार आहे. १९२५ साली फोर्डने आपल्या मॉडेल-टी गाडीला कारखान्यातच पोलादी हौदा बसवून ती २८१ डॉलरला विकायला काढली. तोवर अनेक शेतकरी स्वतःच गाडीचा मागचा भाग काढून तेथे फळ्या ठोकून घेत. कारखान्याने त्यांच्या या उद्योगालाच मान्यता दिली, असे म्हणता येईल. १९४८च्या सुमारास फोर्डची एफ-मालिका आली आणि १९७७पासून अमेरिकेतल्या ट्रकांच्या खपात ती अग्रस्थानी आहे. त्या जुन्या गाड्यांत एकच लांब बाक असे, त्यावर तिघे खांद्याला खांदा लावून बसत, आणि मागचा हौदा साडेसहा किंवा आठ फूट लांब असे. म्हणजे गाडीचा मोठा हिस्सा मालाचा, आणि माणूस त्या मालाचा सोबती.

एका परिचिताकडची सत्तरच्या दशकातली एफ-१०० मी एकदा चालवली आहे. तिचे सुकाणू मोठे आणि ढिले. ते वळवले आणि गाडी वळली यांच्या दरम्यान विचार करायला अवकाश मिळे. मागे कमान-पाटे. ते ओझ्यासाठी घडवलेले असल्यामुळे रिकामी गाडी लहानशा उंचवट्यावरही बिचकल्यासारखी उसळायची. बागेसाठी हौदाभर माती घेतली आणि तीच गाडी शहाण्यासारखी चालू लागली. ओझे हाच तिचा तोल होता. मोटारींच्या परीक्षणांत 'राइड क्वालिटी' या शब्दाखाली जे काही लिहिले जाते, त्यात ही गोष्ट मला कधी नीट वाचायला मिळाली नाही: जुन्या पिकअपची चाल वाईट नव्हती, अपुरी होती; ती मालाने पूर्ण व्हायची.

आजच्या पिकअपला ही पूर्तता लागत नाही. डॉजने २००९च्या रॅम १५००मध्ये मागच्या पाट्यांच्या जागी मोटारीसारख्या गुंडाळी स्प्रिंगा घातल्या. काही वर्षांत हवेवर तोललेली बैठकही आली. २०२१च्या एफ-१५०मध्ये गिअरचा दांडा दुमडून खाली जातो आणि तेथे लॅपटॉप ठेवण्यासाठी मेज उघडते. काही गाड्यांत इंजिनाचा आवाज ध्वनिक्षेपकांतून भरीव करून ऐकवला जातो, कारण केबिन इतकी शांत झाली आहे की गाडी राबते आहे याची जाणीव कृत्रिमरीत्या करून द्यावी लागते. आणि हौदा? चार दारांची केबिन घेतली की तो बहुधा साडेपाच फुटांवर येतो.

मला येथे मराठीतल्या जानपद गीतांची आठवण होते. रविकिरण मंडळाच्या काळात हा प्रकार लोकप्रिय होता: नांगर, मोट, खिल्लारी बैल, आणि हे सारे लिहिणारा व वाचणारा बहुतेकदा पांढरपेशा. पुढे ग्रामीण साहित्याच्या चळवळीने या कवितेवर जो आक्षेप घेतला तो शब्दसंपत्तीविषयी नव्हता. त्या शब्दांमागे श्रम नव्हते, याविषयी होता. आजच्या महागड्या पिकअपची नावे वाचावीत. किंग रँच, लाँगहॉर्न, हाय कंट्री. टेक्सासातले एक विख्यात गुराखी-संस्थान, लांब शिंगांचे बैल, डोंगराळ मुलूख. आत खोगिराच्या कातड्याची आठवण देणारी आसने. ही सगळी भाषा गोठ्याची आहे आणि बोलणारा आहे वाहनतळावरचा. वाङ्मयप्रकार म्हणून मला ही फसवणूक वाटत नाही. पांढरपेशाला मातीची ओढ वाटणे यात खोटे काही नाही. फक्त तिला वास्तववाद म्हणू नये.

रूपातला निर्णायक पालट मी १९९४च्या डॉज रॅमपासून मोजतो. त्या गाडीच्या रचनाकारांनी महामार्गावरच्या अवजड मालट्रकांचा चेहरा उचलला. मध्ये उंच उभी जाळी, दोन्ही बाजूंना खाली उतरलेले खांदे. त्या वेळी ते रूप खरोखर ताजे होते आणि आजही मला ती गाडी देखणी वाटते. पण अतिशयोक्ती हा अलंकार असा आहे की पहिल्या कवीने वापरला तर शोभतो आणि दहाव्या कवीला पहिल्याच्या वर चढावे लागते. नंतरच्या तीस वर्षांत प्रत्येक नवी जाळी आधीच्या जाळीपेक्षा उंच, प्रत्येक कपाळ अधिक सपाट, दिव्यांची भुवई अधिक आकसलेली होत गेली. शेवरोलेच्या २०२०च्या अवजड सिल्व्हरॅडोकडे समोरून पाहताना मला चेहरा दिसेनासाच होतो. एक भिंत दिसते, आणि भिंतीवर कंपनीचे नाव. पाच आसनांच्या एफ-१५०ची लांबी सुमारे ५.९ मीटर भरते. ज्या मारुती ८००ने आमच्या पिढीला मोटार म्हणजे काय ते शिकवले, तशा जवळजवळ पावणेदोन गाड्या तीत बसतील.

प्रामाणिकपणे सांगायचे तर अशी गाडी चालवणे सुखाचे आहे. पुस्तकांची कपाटे आणायची म्हणून मी दोन दिवस एक नवी पिकअप भाड्याने घेतली होती. पायरीवर पाय देऊन वर चढावे लागते आणि त्या चढण्यातच काहीतरी घडते. इतर गाड्यांची छपरे दिसू लागतात. रस्ता खाली, दूर, आज्ञाधारक. सुकाणू एका बोटाने वळते. अडीच टनांच्या आसपासचा ऐवज आपण हलवतो आहोत याचा हातांना पत्ताही लागत नाही. साडेसहा फुटांची कपाटे साडेपाच फुटांच्या हौद्यात मावली नाहीत, मागचा फाळका उघडा टाकून दोरीने बांधून आणावी लागली, तरीही परत करताना मला थोडे वाईट वाटले. माणसे ही गाडी का घेतात हे त्या दोन दिवसांत मला जेवढे कळले तेवढे कोणत्याही समाजशास्त्रीय लेखाने कळले नसते.

मात्र उरलेल्या दिवसांत मी पादचारी असतो. माझी धाकटी मुलगी सात वर्षांची आहे, उंची चार फूट, म्हणजे ४८ इंच. आम्ही रोज सकाळी चालत शाळेत जातो आणि वाटेत एक चौक ओलांडतो. एफ-२५०सारख्या अवजड गाडीच्या बॉनेटची पुढची कड जमिनीपासून ५५ इंचांच्या आसपास असते. हा हिशेब मी रोज करतो. चालकाला ती दिसावी म्हणून मी तिच्या आणि गाडीच्या मध्ये चालतो, हात किंचित वर धरून. चालक सभ्य असतात, बहुधा हसून हातही हलवतात. पण ते हात मला हलवतात. तिला नव्हे, कारण त्यांच्या आसनावरून ती या जगात नसतेच.

अमेरिकेतल्या महामार्ग-सुरक्षेच्या विमासंस्थेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ४० इंचांहून उंच बॉनेटच्या गाडीने धडक दिल्यास पादचारी दगावण्याची शक्यता ३० इंचांपर्यंतच्या उतरत्या बॉनेटच्या तुलनेत सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक आढळली. देशात २००९ साली चार हजारांवर पादचारी वाहनांखाली मरण पावले होते; २०२२ साली तो आकडा साडेसात हजारांवर गेला. या वाढीला अंधार, वेग, रस्त्यांची रचना अशी अनेक कारणे आहेत, सगळे खापर जाळीवर फोडणे बरोबर नाही. तरीही सौंदर्यदृष्टीचा प्रश्न म्हणून सुरू झालेली माझी ही टीका त्या चौकात सौंदर्यदृष्टीची राहत नाही.

'लोकांना हेच हवे आहे' असे उत्तर नेहमी मिळते. ते अर्धेच खरे आहे. युरोपने अमेरिकी कोंबड्यांवर जकात लावली म्हणून अमेरिकेने १९६४ साली परदेशी हलक्या ट्रकांवर २५ टक्के कर लावला. कोंबड्यांचे भांडण मिटले, कर राहिला आणि परदेशी बनावटीच्या लहान पिकअपांना त्याने बराच काळ वेशीवर रोखून धरले. पुढे इंधनबचतीचे नियम गाडीच्या चाकांमधल्या क्षेत्रफळाला बांधले गेले: गाडी जितकी पसरट, तितकी अट सैल. वृत्ताचे नियमच असे की दीर्घ चरण लिहिणाऱ्याला सूट मिळावी. मग लघुकाव्य कोण लिहील?

टेस्लाच्या सायबरट्रकविषयी मत दिल्याशिवाय या चर्चेतून सुटका नसते, म्हणून देतो. २०१९ साली ती प्रथम दाखवली तेव्हा अभेद्य म्हणून मिरवलेली काच मंचावरच तडकली. गोंदाने चिकटवलेली पोलादी पट्टी निखळते म्हणून मार्च २०२५मध्ये ४६ हजारांवर गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. गाडी म्हणून ती मला नको. पण तिने एक गोष्ट केली: गोठ्याचा, खोगिराचा आव टाकून दिला. ती जानपद गीत नाही, दुर्बोध नवकविता आहे, आणि दुर्बोध कवितेशी निदान भांडता येते.

माझे खरे कौतुक राखून ठेवले आहे ते फोर्डच्याच मॅव्हरिकसाठी. ही २०२१ साली आली. हौदा जेमतेम साडेचार फूट, चेहरा शांत, चाल मोटारीची, आणि ती ते लपवतही नाही. हौद्याच्या बाजूंना खाचा आहेत. बाजारात मिळणारी साधी लाकडी पट्टी त्यांत अडकवून मालकाने स्वतःच कप्पे करावेत अशी योजना आहे. १९२५च्या आधी फळ्या ठोकणाऱ्या शेतकऱ्याला ही गाडी ओळखता आली असती.

आमच्या गावाबाहेर भाजीचा एक मळा आहे. तेथे शेताच्या आतल्या आत एक जुनी जपानी सुझुकी कॅरी फिरते. जपानी नियमानुसार या वर्गातल्या गाडीला ३.४ मीटरहून लांब असता येत नाही आणि इंजिन ६६० सीसीहून मोठे चालत नाही. परवा भोपळे घ्यायला गेलो तेव्हा मालकाच्या परवानगीने तिचा हौदा मोजला. साडेसहा फुटांना थोडा कमी भरला. माझी कपाटे फाळका किंचित कलता ठेवून बसली असती. ती गाडी पाहायला मुलगी पुढे गेली, बॉनेट कुठे आहे म्हणून शोधू लागली. त्या गाडीला बॉनेटच नाही, चालक थेट काचेमागे बसतो. आतला माणूस आणि ती, दोघे एकमेकांकडे बघत होते.