बोटीआधीचा एक दिवस

सहलीचा बेत ठरायला लागला की आमच्या घरात दोन तट पडतात. एका तटाचा प्रश्न, काय काय बघायचं? दुसऱ्याचा, जेवायचं कुठे? माझा प्रश्न तिसराच असतो, बसायचं कुठे? तीस वर्षं शाळेच्या सहली नेल्या. साठ मुलं, तीन बाई, एक शिपाईमामा आणि एस.टी.ची लाल गाडी. त्यातून शिकले ते एवढंच की आधी बाथरूमची सोय बघावी, मग पाण्याची, मग सावलीत बसायची. एवढं जमलं की मुलं अजिंठाही बघतात आणि एखादं साधं धरणही बघतात. ते जमलं नाही तर ताजमहालापुढेही भोकाड पसरतात. :)

आता मुलांच्या जागी म्हातारी माणसं आहेत, पण नियम तेच!

तर मंडळी, बातमी अशी की येत्या डिसेंबरात आम्ही दहा जण क्रूझला निघालोय. मुंबई-गोवा-मुंबई, तीन रात्री. आमच्या लग्नाला पन्नास वर्षं होतात म्हणून लेकीने हा घाट घातला. ती, जावई, चौदा वर्षांची नात आणि नऊ वर्षांचा नातू अमेरिकेहून येतील. पुण्याहून आम्ही दोघं. लालबागहून माझा दादा, वहिनी, भाचा आणि भाचेसून. बोट सोमवारी सुटणार, पण "ऐनवेळी धावपळ नको" म्हणून सगळ्यांनी शनिवारी रात्रीच दादाकडे जमायचं ठरलं. म्हणजे अख्खा रविवार मोकळा. त्या रविवारचं करायचं काय, यावर गेले तीन आठवडे फोनवर खल चाललाय.

लेकीने कॉम्प्युटरवर छान तक्ता करून पाठवला. गेटवे, घारापुरी, म्युझियम, सीएसएमटी, मरीन ड्राइव्ह, हँगिंग गार्डन, कुलाबा कॉजवेवर खरेदी, चौपाटीवर भेळ... मोजले तर पंधरा 'पॉइंट' आणि प्रत्येकापुढे मिनिटं. मी विचारलं, "अगं, दादामामाला जिना चढायला किती मिनिटं लागतात, ती कुठल्या रकान्यात आहेत?" दादाचं वय चौऱ्याऐंशी, वहिनींच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली.

घारापुरी मीच खोडली. गेटवेहून लाँचने जायला तासभर, यायला तासभर, वर शंभराहून जास्त पायऱ्या. म्हणजे सगळा दिवस तिथेच. शिवाय सोमवारी लेणी बंद असतात, त्यामुळे बोटीच्या दिवशी सकाळी उरकू असंही नाही. नातू हिरमुसला. त्याला मी सांगितलं की ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा नाव दिलं, तो हत्ती आता बेटावर नाहीच. इंग्रज तो विलायतेला नेणार होते, पण उचलताना तो तुटला. तुकडे जोडून उभा केलेला तो हत्ती आज राणीच्या बागेशेजारी भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. लालबागहून दहा मिनिटांवर! संग्रहालय बुधवारी बंद असतं, आपण जाणार रविवारी. नातवाचं समाधान झालं.

या सगळ्या गडबडीत दादाला कुणी विचारलंच नव्हतं. भाच्याने फोन त्याच्या हातात दिला, तेव्हा दादा एवढंच म्हणाला, "माका भाऊचो धक्को बघूचो आसा."

पलीकडे लेक गप्प. भाऊचा धक्का तिच्या पंधरांत नव्हता. मासळीचा वास, ट्रकची गर्दी, तिथे बघायचं काय?

पण आमच्यासारख्या देवगडकडच्या माणसांची मुंबई गेटवेपासून सुरू होत नाही, धक्क्यापासून होते. भाऊ अजिंक्य यांच्या नावाचा हा धक्का. कोकण रेल्वे पूर्ण होऊन धावायला लागली जानेवारी १९९८ मध्ये. त्याआधी कितीतरी वर्षं कोकणचा चाकरमानी बोटीनेच आला. 'रोहिदास', 'चंद्रावती', पुढे 'कोकण सेवक', ही नावं आमच्या घरात आत्या-मावश्यांच्या नावासारखी घेतली जायची. बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि किनाऱ्यावरून होडीने जाऊन तिच्यावर चढायचं. हातात ट्रंक, वळकटी, फणसाची पिशवी. आई मात्र बोटीच्या नावाने धसकायची. १७ जुलै १९४७ ला, गटारी अमावास्येच्या दिवशी, याच धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. आमचं कुणी तिच्यात नव्हतं. तरी दादा १९५७ साली सोळाव्या वर्षी मुंबईला निघाला, तेव्हा आई देवासमोरून उठली नव्हती.

इथवरचं मला ठाऊक होतं. पुढचं दादाने परवा सांगितलं.

१९५९ च्या जुलैमध्ये आमचे वडील गेले. मी आठ वर्षांची होते. दादाला तार केली. पण पावसाळ्यात बोटी बंद असत, त्या चालू व्हायच्या नारळी पौर्णिमा उलटून गेल्यावर. दादा कोल्हापूरवरून, गाड्या बदलत, घाट उतरून तिसऱ्या दिवशी घरी पोचला. तोवर काकांनी अग्नी दिला होता. थोरला मुलगा तो. भिजून चिंब होऊन अंगणात उभा होता, ते मला अजून दिसतं. त्या प्रवासाबद्दल तो कधी बोलला नाही, आम्हीही विषय काढला नाही.

परवा फोनवर म्हणाला, तार आली त्या रात्री तो लालबागहून चालत धक्क्यावर गेला होता. मी म्हटलं, "अरे, बोटी बंद होत्या ना?" तर म्हणाला, "ठावक होता. तरी गेलंय." धक्क्यावर चिटपाखरू नव्हतं. तासभर पावसात उभा राहिला आणि मग परत फिरला. त्याच वर्षी बोटी चालू झाल्यावर तो कामावर परतला तो बोटीनेच, त्याच धक्क्यावर उतरला.

हे मी लेकीला सांगितलं. तिने काही न बोलता तक्ता नव्याने केला. माझं म्हणणं असं पडलं की पंधरा जागा जोडायला दोराच नव्हता, तो आता मिळाला. मुंबई हे बंदर आहे. धक्क्यापासून निघावं आणि समुद्राच्या कडेकडेने जिथून आपली बोट सुटणार तिथवर जावं, बस्स.

तर आमचा रविवार असा ठरलाय. सकाळी साडेनऊला न्याहारी करून दोन गाड्यांतून निघायचं. आधी हत्ती. तिथे बाकं आहेत, झाडं आहेत. मग भाऊचा धक्का. तिथे वेळ लिहिलेली नाही, दादा म्हणेल तेवढा. आता तिथून रेवस-मोऱ्याच्या लाँच जातात आणि २०२० पासून मांडव्याला गाड्या नेणारी मोठी रो-रो बोटही जाते. ती नातवासाठी.

तिथून पी. डिमेलो रोडने, गोदीच्या भिंतीकडेने बॅलार्ड इस्टेट. या भिंतीआड व्हिक्टोरिया डॉक होता. १४ एप्रिल १९४४ ला तिथे दारूगोळा आणि कापूस भरलेल्या 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला. आग विझवताना ६६ जवान गेले, म्हणून देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात. शाळेत आम्ही तो दरवर्षी पाळायचो, पण मुलांना ती जागा दाखवायचा योग कधी आला नव्हता. बॅलार्ड इस्टेट ही गोदी खणताना निघालेल्या मातीच्या भरावावर उभी आहे, हे सांगितल्यावर नात म्हणाली, "म्हणजे समुद्रात चालायचं!" रविवारी कचेऱ्या बंद, रस्ते मोकळे, चालायला सोपं. याच बॅलार्ड पिअरवर २८ डिसेंबर १९३१ ला गांधीजी गोलमेज परिषदेहून परतले. सोमवारी आपणही तिथूनच बोटीत चढणार. तिथल्या नव्या क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झालं.

एक ते चार हॉटेलात जेवण आणि विश्रांती. रात्रीही फोर्टातच मुक्काम. लालबागला परतून दुसऱ्या दिवशी बॅगा घेऊन पुन्हा येणं नको.

चार वाजता हॉर्निमन सर्कल. तरुण मंडळींनी एशियाटिकच्या पायऱ्यांवर फोटो काढावेत, आम्ही बागेजवळ बसू. टाउन हॉल १८३३ चा, पायऱ्यांना रविवारची सुट्टी नसते. :) शेवटी उतरत्या उन्हात गेटवे. तो बांधून झाला १९२४ मध्ये. ज्या राजाच्या आगमनासाठी बांधला, त्याच्या साम्राज्याची शेवटची पलटण २८ फेब्रुवारी १९४८ ला त्याच कमानीतून बाहेर पडली. सोळा वर्षांपेक्षा थोडं कमी... नाही, चोवीस वर्षांत खेळ खलास! हे मी मुलांना मुद्दाम मोजायला लावणार आहे. खरेदी आणि भेळ ज्याला झेपेल त्याने करावी.

ओळखपत्रं मूळ प्रतीत, परदेशी पासपोर्टवाल्यांचे पासपोर्ट, सगळ्यांची औषधं हातातल्या पिशवीत. बोटीवर घरचं खाणं नेता येणार नाही असं तिकिटावर लिहिलंय, त्यामुळे वहिनींचे लाडू रविवारीच संपवायचे. याला मात्र एकमताने मंजुरी मिळाली.

काल रात्री नातीने दादाला पुन्हा फोन लावला. तिला विचारायचं होतं, त्याची बोट कुठे कुठे थांबायची? दादाने पाढे म्हणावेत तशी बंदरं म्हटली. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड. तिने ती इंग्रजीत लिहून घेतली आणि विचारलं, "आपली बोट देवगडला थांबणार का?"

थांबणार नाही. रात्रीच्या अंधारात कधीतरी पुढे निघून जाईल. भाचा म्हणतो, बोट किनाऱ्यापासून बरीच आत असते, दीपगृहाचा उजेड दिसेलच असं नाही. दादा म्हणाला, "नाय दिसलो तरी माका उठवा."

उठवायची जबाबदारी नातीने घेतली आहे. मी दादाची शाल आणि कानटोपी मोठ्या बॅगेत न टाकता माझ्या खांद्यावरच्या पिशवीत ठेवायचं ठरवलंय. डेकवर वारा असतो म्हणतात.