बिनटीपीची गाणी

नोकरी लागली ती थेट आलापल्लीला, वनखात्याच्या लाकूड आगारात लिपिक म्हणून. साल २००८. आमच्या सांगलीकडे गडचिरोली म्हटलं की लोक आवाज खाली आणून बोलतात. आईने डब्यात चकल्यांबरोबर अंगारा बांधून दिला होता. प्रत्यक्षात मला त्रास एकाच गोष्टीचा झाला: संध्याकाळी सहानंतर करायला काही नसायचं. वीज यायची-जायची, टॉवर असला तर असायचा आणि पावसाळ्यात कपड्यांपासून कॅसेटपर्यंत सगळ्याला बुरशी धरायची. वडिलांनी दिलेल्या भीमसेनांच्या दोन कॅसेटी पहिल्याच आषाढात गेल्या.

दिवसभर माझं काम सागवानाचं. प्रत्येक नगाच्या कापलेल्या तोंडावर हॅमरचा ठसा, नंबर, लांबी, गोलाई. ते रजिस्टरात उतरायचं, लॉट पाडायचे, लिलाव झाला की वाहतूक परवाना, म्हणजे टीपी. ठसा नसलेला नग आणि टीपी नसलेला ट्रक म्हणजे चोरीचा माल, पुढचं बोलणं नाही. आलापल्लीजवळच्या वनवैभवातले जुने सागवान पाहिले की या ठशांचं मोल कळतं. १९५३ पासून राखून ठेवलेलं ते सहा हेक्टरांचं जंगल. त्यातलं एक झाड दोघांच्या कवेत मावत नाही.

आणि संध्याकाळी मी चौकातल्या मोबाईलच्या टपरीवर जायचो. टपरीवाला माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, अहेरीकडचा. घरी तेलुगू, गिऱ्हाइकाशी तिकडची वऱ्हाडी-झाडी मिसळ, माडिया लोक आले की गोंडी. एक जुना कॉम्प्युटर, एक कार्ड रीडर आणि पुठ्ठ्यावर लिहिलेलं: ‘मेमरी कार्ड भरून मिळेल, १० रु.’ पहिल्यांदा कार्ड दिलं तेव्हा तो मान वर न करता म्हणाला, “वनखात्याचे ना जी साहेब? पाह्यजा, याची टीपी नाई.”

मी हसलो आणि दहाची नोट दिली. चार जीबीत सहाशेवर गाणी बसली.

त्याचे तीन भाव होते. मुंबईची गाणी दहा रुपयांत कार्डभर. झाडीपट्टीच्या नाटकात गाणारा एक गायक त्याच्या ओळखीचा होता. त्याची सीडी वीस रुपये, आणि तिच्यातलं एकही गाणं तो कार्डावर टाकायचा नाही. मी विचारलं, काहून बाबा? तर म्हणाला, “तो वडशाहून आला का इथंच चहा पितो ना जी. त्याले काय तोंड दाखवू?” वीसातले पंधरा तो गायकाला द्यायचा. आणि तिसरं फोल्डर ‘रेला’. भामरागडकडच्या लग्नांत त्याने स्वतः मोबाईलवर धरलेली गाणी. ती फुकट. “गावाचं हाये, माहं कुठं?”

या तीन भावांवर मी पुष्कळ विचार केला आहे, कायद्याची पुस्तकं वाचून जेवढा केला नसता तेवढा. तिकडे निस्तार नावाची जुनी चीज आहे. घरच्या चुलीपुरती वाळली मोळी डोक्यावर नेणाऱ्या बाईला वनरक्षक अडवत नाही. मोळ्या बाजारात गेल्या की मात्र गुन्हा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यातही असा निस्तार आहे, स्वतःच्या खाजगी वापरापुरता. मी स्वतःची समजूत घालायचो की माझं कार्ड म्हणजे मोळी. पण ज्या टपरीवरून ते भरलं तिथे दिवसाला पन्नास कार्डं भरत होती. मोळी माझी असली तरी ट्रक त्याचा होता आणि त्या ट्रकाला डिझेल मी घालत होतो.

पैसे द्यायची इच्छा नव्हती असं नाही. एकदा सुट्टीत घेतलेल्या डेबिट कार्डावर एक गाणं विकत घ्यायला बसलो. ओटीपी येईपर्यंत टॉवर गेला आणि आला तेव्हा मुदत संपली होती. पुढे फेब्रुवारी २०१२ मध्ये फ्लिपकार्टने फ्लाइट नावाचं गाण्यांचं दुकान काढलं आणि जून २०१३ मध्ये बंदही केलं. चोरीची गाणी आणि किरकोळ रकमा चुकत्या करण्याची अडचण, ही कारणं त्यांनीच दिली. मोठ्या शहरांत जे चाललं नाही ते आलापल्लीच्या चौकात कुठून चालणार?

२०११च्या जानेवारीत भीमसेन जोशी गेले. वडील तेव्हा अंथरुणाला खिळले होते. फोनवर एवढंच म्हणाले, “तुझ्याकडे दिलेल्या कॅसेटी जपून ठेव.” त्या गेल्याचं मी त्यांना सांगितलंच नव्हतं. टपरीवर जाऊन बसलो. त्याच्याकडे भीमसेन नव्हते, कोणी मागतच नसे. त्याने चंद्रपूरला कोणाला तरी फोन केला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळच्या एसटीच्या ड्रायव्हरने केबिनमधून एक काडेपेटी खाली दिली. आत कापसात गुंडाळलेला पेनड्राइव्ह. चोवीस अभंग. त्याने ते कार्डावर घातले आणि नेहमीचे दहाच रुपये घेतले. मी शंभर पुढे केले तर म्हणाला, “बोर्ड वाचा ना साहेब.”

त्यानंतर वडील असेपर्यंत, म्हणजे पाच आठवडे, रोज रात्री मी एक फोन दुसऱ्याच्या तोंडाशी धरून त्यांना अभंग ऐकवला. आवाज चिरका यायचा. ते मधेच ‘हं’ म्हणायचे, की ऐकताहेत हे कळायचं.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी एका गाण्याच्या कंपनीची माणसं पोलीस घेऊन टपरीवर आली. मी आगारातून परतत होतो. कॉम्प्युटर उचलून जीपमध्ये ठेवत होते, तो बाजूला उभा होता. एक जण विचारत होता, कोण-कोण भरून नेतं, नावं सांग. तो म्हणाला, “येणारे-जाणारे असतात साहेब, नाव कोन विचारते.” त्याने मला पाहिलं. मी शासकीय नोकर, खिशात ते कार्ड. मी सायकल न थांबवता पुढे गेलो.

आठ दिवसांनी तोंड दाखवायला गेलो तेव्हा तो जामिनावर होता. माझ्यापुढे चहा ठेवून म्हणाला, “काई नाई जी, माहा पीओआर फाटला.” वनगुन्ह्याच्या पहिल्या अहवालाला आम्ही पीओआर म्हणतो. विनोद त्याने माझ्यासाठी केला होता. मला हसता आलं नाही.

मेमरी कार्ड भरणाऱ्या टपऱ्यांना रीतसर परवाना द्यायची योजना गाण्याच्या कंपन्यांच्या संघटनेने काढली होती, हे मला फार नंतर कळलं. त्याला ते कधीच कळलं नाही. २०१२ साली कायदा बदलला, गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क लिहून घेता येणार नाही असं ठरलं. जावेद अख्तर त्यासाठी राज्यसभेत भांडले. तोवर माझी समजूत होती की दहा रुपयांत मी कवीलाच बुडवतो आहे. कवीला आधीच दुसऱ्या कोणी बुडवलं होतं हे त्यातून कळलं. माझ्या डोक्यावरचं ओझं तेवढ्याने उतरलं नाही.

२०१४ मध्ये माझी बदली झाली. दोन वर्षांनी जिओ आलं आणि कार्ड भरणं संपलं. आता तो पीक विम्याचे, आधारचे फॉर्म भरून देतो. मी एका अॅपला वर्षाचे पैसे भरतो, भीमसेनांच्या सीडीही रीतसर घेतल्या आहेत. कंपनीचं देणं असं फेडता येतं.

गेल्या दिवाळीत त्याला फोन केला. मुलांचं विचारलं, त्याने माझ्या आईचं विचारलं. फोन ठेवल्यावर त्याच्या नंबरावर पाचशे रुपये पाठवले, खाली लिहिलं, ‘काडेपेटीचे’. दोन मिनिटांनी चारशे नव्वद परत आले.