उपचारानंतरची दृष्टी

कर्करोगाचे उपचार संपले की घरातील सर्वांना एक मोठे देणे फिटल्यासारखे वाटते. आमच्याही घरी तसेच वाटले. थोरल्या बंधूंना नाकालगतच्या पोकळीत कर्करोग झाला होता. शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे त्यांना रेडिएशन, म्हणजे बोलीभाषेत 'शेक', देण्यात आले. गाठ गेली आणि दादा पुन्हा पेढीवर बसू लागले.

दोन वर्षांनी त्यांना उजव्या डोळ्याने रोजमेळाच्या ओळी वाकड्या दिसू लागल्या. चष्मा बदलूनही फरक पडेना. रोग उलटला तर नसेल ना, ही शंका सर्वांच्या मनात होती. ती उच्चारण्याचे धैर्य मात्र कोणालाच होईना.

नेत्रतज्ज्ञांनी थेंब घालून डोळ्याचा पडदा तपासला, ओसीटी काढली आणि जुन्या उपचारांची कागदपत्रे मागितली. रोग उलटला नव्हता. पडद्याला रक्त पुरविणाऱ्या केसाहून बारीक वाहिन्यांना किरणांमुळे इजा झाली होती. या विकारास 'रेडिएशन रेटिनोपॅथी' म्हणतात. १९३३ साली स्टॅलार्ड यांनी त्याचे प्रथम वर्णन केले.

किरणांचा रोख गाठीवर असला, तरी गाठ डोळ्याजवळ असल्यास त्यांची काही मात्रा पडद्यालाही मिळते. वाहिन्यांच्या अस्तरातील पेशी हळूहळू नष्ट होतात. काही वाहिन्या बुजतात, काही पाझरतात. तो पाझर पडद्याच्या मध्यभागी साचला की अक्षरे पुसट व वाकडी दिसतात. बहुधा सहा महिने ते तीन वर्षांनी हे लक्षात येते. मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा केमोथेरपीची जोड असल्यास धोका वाढतो. दादांना मधुमेह होताच.

डोळ्यात इंजेक्शने सुरू झाली. सूज उतरली, ओळी बऱ्याच सरळ झाल्या. परंतु बुजलेल्या वाहिन्या पुन्हा उघडत नाहीत. बारीक आकडे आता पुतण्या वाचून दाखवतो. एकदा तो कळवळून म्हणाला, "काका, शेक घेतलाच नसता तर?" दादा शांतपणे म्हणाले, "अरे, मग हा प्रश्न विचारायला तू कोणाकडे आला असतास?" त्यानंतर आमच्या घरी तो विषय कोणी काढला नाही.

ज्यांच्या घरी डोळा, नाक वा मेंदूच्या आसपास रेडिएशन झाले आहे, त्यांना एवढेच विनवावेसे वाटते: दिसण्यात काही उणे नसले, तरी पडद्याची तपासणी किती काळाने करावी हे डॉक्टरांना विचारून ठेवावे. अधूनमधून एकेक डोळा झाकून वाचून पाहावे. एका डोळ्याची उणीव दुसरा सहज झाकतो. साखर व रक्तदाब आटोक्यात असावा. आणि किती मात्रा, कोठे व केव्हा दिली याचा कागद, आपण वह्या जपतो तितक्याच काळजीने जपावा.