कुठल्या कर्नलसाठी?

क्लस्टर सांभाळताना माझ्या हातून झालेली सगळ्यांत मोठी चूक एका न सापडलेल्या फाइलपासून सुरू झाली. फाइल सापडत नसल्याची ती तक्रार मी चुकीच्या रीतीने बंद केली आणि त्यात दुसऱ्यांचं काम बुडालं. वर त्यांना खरं कारण सांगितलं नाही. सविस्तर लिहितो आहे, कारण या कामात नव्याने येणारी मुलंमुली अजूनही नेमकी याच ठिकाणी अडतात.

2019 चा उत्तरार्ध होता. एका संशोधन संस्थेच्या क्लस्टरचे सगळे नोड सेंटओएस 7.6 वर, म्हणजे 3.10.0-957 या कर्नलवर चालत होते. सगळ्या नोडना मिळून वापरायची साठवण लस्टर या फाइलसिस्टमवर होती आणि तिच्या क्लायंटची नवी आवृत्ती बिल्ड करायची होती. हा क्लायंट कर्नलच्या आत जाऊन बसणारं मॉड्यूल असतो. ज्या कर्नलमध्ये तो बसणार, त्याच्या हेडर फाइल, त्याची कॉन्फिग आणि त्याने मॉड्यूलांसाठी खुल्या केलेल्या फंक्शनांची यादी बिल्डच्या वेळी हाताशी लागते. मी मेक चालवलं आणि ते लगेच थांबलं. 957 च्या मॉड्यूल डिरेक्टरीत ‘बिल्ड’ नावाची फाइल किंवा डिरेक्टरी नाही, असं त्याचं म्हणणं.

एलएस करून पाहिलं तर ‘बिल्ड’ तिथे दिसत होतं, लाल रंगात. ती सिम्लिंक होती आणि ती जिकडे बोट दाखवत होती ती जागा रिकामी होती. ही लिंक कर्नलच्या मूळ पॅकेजबरोबरच येते. तिच्या टोकाला असायला हवा तो फाइलींचा गठ्ठा मात्र ‘कर्नल-डेव्हल’ या वेगळ्या पॅकेजमधून येतो. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं आणि रंगाचा अर्थ विचारावा इतकाही धीर नव्हता. नाव दिसतंय म्हणजे फाइल आहे, असं धरून मी मेकफाइलमधले पाथ बदलत बसलो.

मग ‘कर्नल-हेडर्स’ घातलं. हेडर फाइल हव्यात आणि पॅकेजचं नावच हेडर्स, म्हणून. पण ते पॅकेज सी लायब्ररीसाठी आणि साध्या प्रोग्रॅमांसाठी असतं, मॉड्यूल बांधायला त्याचा उपयोग नाही. काहीच फरक पडला नाही. शेवटी ‘कर्नल-डेव्हल’चं नाव कळलं तेव्हा मी आवृत्ती न लिहिता यम या पॅकेज मॅनेजरकडे तेवढंच मागितलं. यमने सगळ्यांत नवं दिलं: 3.10.0-1062. सेंटओएस 7.7 सप्टेंबरमध्ये आलं होतं आणि नवी आवृत्ती आली की जुनीची पॅकेजेस नेहमीच्या मिररवरून काढून व्हॉल्टमध्ये ठेवली जातात. 957 चं नेमकं पॅकेज मागितलं असतं तर यमने ‘उपलब्ध नाही’ असं उत्तर दिलं असतं. त्या नकारातून मी व्हॉल्टपर्यंत पोचलो असतो. मी ते मागितलंच नाही.

इथे मी लाल लिंक पुसली आणि तिचं टोक हाताने 1062 च्या फाइलींकडे वळवलं. मेक गप्प झालं, बिल्ड शेवटपर्यंत गेलं आणि मला काम फत्ते झाल्यासारखं वाटलं.

मॉड्यूल लोड करताना कर्नलने नकार दिला. अमुक फंक्शनच्या आवृत्तीबाबत मॉड्यूलचं माझ्याशी जुळत नाही, अशा ओळींवर ओळी डीमेसेजमध्ये आल्या. त्या ओळी हीच खरी मदत होती. कर्नल बांधताना खुल्या केलेल्या प्रत्येक फंक्शनसाठी एक आकडा काढला जातो. त्या फंक्शनला काय दिलं जातं आणि त्यात वापरलेल्या डेटाच्या रचनेत कुठला घटक कितव्या जागी आहे, यावरून तो ठरतो. दोन आवृत्त्यांमध्ये एखादा घटक मध्येच घुसला तरी आकडा बदलतो. हे आकडे न जुळता मॉड्यूल आत घेतलं, तर ते एका जागचा पत्ता समजून भलत्याच जागचे बाइट वाचतं किंवा लिहितं. लिनक्सचे कर्ते बाहेरच्या प्रोग्रॅमांना दिलेला शब्द कसोशीने पाळतात, पण कर्नलच्या आतली रचना स्थिर ठेवण्याचं वचन त्यांनी कधीच दिलेलं नाही. रेड हॅटसारखे वितरक काही ठराविक फंक्शनांपुरती हमी देतात. फाइलसिस्टमला त्या यादीबाहेरचंही बरंच लागतं.

मला हे सगळं समजून घ्यायचं नव्हतं, मला काम संपवायचं होतं. मॉडप्रोबला सक्तीचा पर्याय असतो, तो वापरला. मॉड्यूल आत गेलं, साठवण माउंट झाली, फाइलींची यादी दिसली. एवढ्यावर विश्वास ठेवून मी ते बऱ्याच नोडवर पसरवलं.

यादी दाखवणं आणि शेकडो प्रक्रियांनी एकाच वेळी लिहिणं यात फार अंतर आहे. भार वाढला तसे नोड एकेक करून पडू लागले. प्रथिनांच्या रेणूंचं सिम्युलेशन करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा जॉब मध्येच गेला. “सर, पुन्हा सबमिट करू का?” तिने विचारलं. “कर. नेटवर्कचा प्रॉब्लेम होता, आता ठीक आहे,” मी म्हणालो. तेव्हा मला कारण माहीत नव्हतं, पण संशय होता. तो मी तिच्यापासूनही लपवला आणि स्वतःपासूनही.

नोड कोसळताना केडंपने जपून ठेवलेला मजकूर वाचल्यावर संशयाला जागा राहिली नाही. कर्नल पॅनिकच्या ओळीत तो ‘टेंटेड’ असल्याची नोंद होती आणि सोबत ‘एफ’ हे अक्षर. सक्तीने मॉड्यूल लोड केलं की कर्नल स्वतःवर ही खूण करून ठेवतो. व्हॉल्टमधून 957 चं डेव्हल पॅकेज आणलं, लिंक होती तशी केली, क्लायंट नव्याने बांधला. तो कुठल्याही सक्तीविना आत गेला.

त्या मुलीकडे जायला मला त्याहून जास्त वेळ लागला. गेलो तेव्हा कळलं की जॉब पुन्हा पडल्यावर नेटवर्कचं कारण तिला पटेनासं झालं होतं आणि ती स्वतःच्या इनपुट फाइलमध्ये चूक शोधत होती. टाइमस्टेप लहान करून पाहिला होता, सुरुवातीची रचनाच अस्थिर असेल असं समजून ती पुन्हा तयार केली होती. यातल्या कशाचीच गरज नव्हती. गेलेले संगणन-तास मला आठवत नाहीत, तिचं ते शोधणं आठवतं. तिला आणि तिच्या गाइडना जे घडलं ते सांगितलं आणि सगळ्या वापरकर्त्यांना पाठवलेल्या मेलमध्ये नेटवर्कवरचा आळ मागे घेतला.

तरीही तीच चूक वेगळ्या रूपात पुन्हा झाली. कम्प्यूट नोडची इमेज आम्ही मुख्य नोडवर चरूटमध्ये बांधायचो. पुढे मुख्य नोडचा कर्नल बदलला, इमेजमधला तोच राहिला. बिल्डच्या स्क्रिप्टमध्ये कर्नलची आवृत्ती ‘युनेम’ला विचारलेली होती. चरूटने फाइलींचं जग बदलतं, चालू कर्नल बदलत नाही, त्यामुळे युनेमने मुख्य नोडचीच आवृत्ती सांगितली आणि पुन्हा फाइल सापडेना. या वेळी लिंकला हात लावला नाही. आता स्क्रिप्ट इमेजमध्ये कुठला कर्नल बसवलाय ते आरपीएमला विचारते, त्याच आवृत्तीचा पाथ कॉन्फिगरला उघड देते आणि डेव्हल पॅकेज नसेल तर तिथेच थांबते. बांधलेलं मॉड्यूल आधी एकाच नोडवर, तेही खऱ्या लिहिण्या-वाचण्याच्या भाराखाली चालतं, मग बाकीच्यांवर जातं.

कुठल्याही नोडवर नवा कर्नल चढवण्याआधी त्याच्या जोडीचं डेव्हल पॅकेज आमच्या स्थानिक रेपोमध्ये उतरवून ठेवतो. 30 जून 2024 ला सेंटओएस 7 ची मुदत संपली आणि नेहमीचे मिरर बंद झाले, तेव्हा काही जुने नोड अजून त्याच आवृत्तीवर होते. त्यांच्यासाठी लागणारं सगळं आमच्या डिस्कवर होतं.